घरोघरी दुचाकी

मी जन्मभर संख्याशास्त्र शिकवलं. पेणच्या बाजारात कुणी विचारलं, बाई, तुम्ही काय शिकवता, आणि मी सांगितलं, की समोरचा हमखास म्हणायचा, "म्हणजे गणितच ना?" मी हो म्हणून भाजी घेऊन चालू लागायची. निवृत्त झाल्यावर तेवढी तरी कटकट संपेल असं वाटलं होतं. उलट वाढली, कारण आता मी लोकांना रिकामी सापडते. शेजारचे एक निवृत्त कारकून वर्तमानपत्राची कात्रणं घेऊन येतात. महागाई उतरली असं इथे छापलंय, मग माझी पिशवी का हलकी, असं मलाच दरडावून विचारतात. मी समजावते, ते मान डोलावतात, आणि दुसऱ्या दिवशी दुसरं कात्रण घेऊन हजर होतात.

तरी आकड्यांवर माझा जीव होता. वर्गात मी एक नियम पोरांकडून अक्षरशः घोकून घ्यायची. माहिती गोळा करायला गेलात की आपलं डोकं उंबऱ्याबाहेर ठेवायचं. समोरचा सांगेल तेच लिहायचं. तो गळक्या घरात बसून बंगला आहे म्हणाला तर बंगला लिहायचा. एक वाढवून सांगतो, दुसरा कमी करून सांगतो, आणि मोठ्या बेरजेत ते फिटून जातं. माझी भाचीही त्याच वर्गात पहिल्या बाकावर बसून हा नियम घोकत होती. पुढे तोच नियम माझ्या तोंडावर कसा मारला गेला, ते सांगायचंय. सांगताना माझा आवाज चढेल, त्याला इलाज नाही.

भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. कासूला राहते. बी.एस्सी. झाली आणि रोह्याला एका कंपनीच्या प्रयोगशाळेत लागली. कायम नाही, कंत्राटदारामार्फत. पण तिला त्याचं काही वाटत नव्हतं. पहिल्या आठवड्यात ती पांढरा कोट घडी घालून पिशवीतून घेऊन माझ्याकडे पेणला आली आणि माझ्यासमोर घालून उभी राहिली. बाह्या लांब होत्या, तिनं त्या दुमडल्या होत्या. नमुना तपासताना रंग बदलायच्या बरोबर आधी हात कसा थांबवायचा, ते तिनं मला चहाच्या कपावर चमच्यानं दाखवलं. एक थेंब जास्त पडला की सगळं पुन्हा करावं लागतं म्हणाली, आणि हे सांगताना इतकी खूश होती, की मला तिच्या मार्कांपेक्षाही त्या थेंबाचं कौतुक वाटलं.

अडचण परतीची होती. तिची कामाची पाळी दुपारी सुरू व्हायची आणि सुटायची तेव्हा अंधार झालेला असायचा. कंपनीची गाडी कायम असलेल्यांनाच. कंत्राटी माणसांनी आपापलं बघायचं. कासूला रेल्वे स्टेशन आहे, पण गाड्यांच्या वेळा आणि पाळीच्या वेळा यांचं कधी पटलंच नाही. मग ती मिळेल त्या मिनिडोरनं, म्हणजे सहा आसनी रिक्षानं, नागोठण्यापर्यंत यायची आणि नाक्यावर उभी राहायची. पुढे कधी कुणाच्या ओळखीची गाडी, कधी कुणाची स्कूटर. तिचा बाप धरमतरच्या खाडीत कोळसा वाहणाऱ्या बार्जवर कामाला. तिथलं काम भरती-ओहोटीवर चालतं, त्यामुळे तो कधी मोकळा असेल हे त्यालाही आदल्या दिवशी सांगता यायचं नाही. मोकळा असला की चुलत भावाची मोटरसायकल मागून तिला आणायला जायचा. त्याची स्वतःची गाडी नव्हती. हे लक्षात ठेवा.

एका संध्याकाळी नाक्यावर एक मोटार तिच्यासमोर थांबली, पुढे गेली आणि वळून पुन्हा येऊन थांबली. एवढंच झालं. पानाच्या टपरीवरचा माणूस बाहेर आला आणि मोटार निघून गेली. पण भाचीनं घरी आल्यावर ते सांगितलं आणि त्या दिवसापासून बापाचं चित्त ठिकाणावर राहीना. त्यानं आरडाओरडा केला नाही. तो तसा माणूसच नाही. तो मला एवढंच म्हणाला, "ताई, दिवालीपर्यंत बघतो. गाडीची काय सोय झाली तर ठीक. नाय तर तिनं घरी बसायचं."

म्हणजे बस आली तर नोकरी राहील, नाही आली तर जाईल. प्रश्न इतका सरळ होता. आणि अशी ती एकटी नव्हती. आमच्या खाडीकाठच्या खारेपाटातल्या गावागावांतून पोरं आणि पोरी रोह्याच्या कंपन्यांत जातात, निम्मी अशीच लोंबकळत परत येतात. मी तडक एसटीच्या एका साहेबांकडे गेले.

साहेब वयानं लहान, बोलायला गोड. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की बाई, भावनेवर गाडी सुटत नाही. या पट्ट्यातून संध्याकाळी परत येणारे कोण आहेत, त्यांच्याकडे दुसरी काय सोय आहे, ते आकड्यांत दाखवा. मी लगेच फेरी मांडतो.

मला आनंद झाला हे कबूल करते. सगळं आयुष्य पोरांना आकडे शिकवले, पण आकड्यांच्या जोरावर काही होईल असं म्हणणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता. मी रात्रभर बसले नाही की काही नाही, दुपारी जेवून झाल्यावर स्वच्छ एका पानाचा फॉर्म तयार केला. घरात कोण कोण, वयं, शिक्षण, काम कुठे, कायम की कंत्राटी, पाळी कुठली, घरचं वाहन आहे का. साहेबांच्या सांगण्यावरून घर आणि जमीन यांचीही एकेक ओळ टाकली. वर ठळक अक्षरांत लिहिलं: संध्याकाळच्या एसटी फेरीसाठी माहिती.

पहिल्या दिवशी एकटीच गेले आणि हात हलवत परत आले. आमच्याकडे कागद घेऊन कुणी दारात आलं की लोकांना आधी जमीन आठवते. कंपन्यांसाठी, रस्त्यासाठी इतक्या वेळा मोजण्या झाल्यात, की जमिनीची ओळ वाचल्याबरोबर एका म्हाताऱ्यानं मला गोठ्याच्या बाजूनं थेट बाहेरची वाट दाखवली. दुसऱ्या घरात कुत्रा सोडला. मी ओरडून सांगत होते, एसटीसाठी आहे, एसटीसाठी. कुत्र्याला त्याच्याशी काय देणंघेणं.

म्हणून मी माझ्या चुलत वहिनींना बरोबर घेतलं. वहिनी कासूच्या पुढच्या गावात राहतात आणि वडखळपासून नागोठण्यापर्यंत त्यांना ओळखत नाही असं घर नाही. कारण त्या लग्नं जमवतात. पैसे घेत नाहीत, हौस. कुणाची पोरगी शिकली, कुणाचा पोरगा लागला, कुणाचं घर स्लॅबचं झालं, सगळं त्यांच्या डोक्यात असतं. त्या बरोबर असल्या की दार उघडणार हे मला माहीत होतं. मी स्वतःच्या हुशारीवर खूश होते.

आणि दारं उघडली. काय उघडली म्हणून सांगू! मी विचारायच्या आधीच सतरंजी अंथरली जायची. आतून भांड्यांचे आवाज यायचे. जिथे मिठागरावर काम करणारा माणूस उघडाच बसलेला असायचा, तिथे तो वहिनींना बघून आत जायचा आणि सदरा घालून यायचा. मुलगा कुठे आहे विचारलं तर मुलालाच बोलावून समोर उभा करायचे. मी म्हणायची, अहो, त्याला नका बोलवू, तुम्हीच सांगा. ते म्हणायचे, असू दे, बघा तरी. टीव्ही बंद करायचे. एका घरात तर पोरीची दहावीपासूनची सगळी सर्टिफिकिटं काढून माझ्या मांडीवर ठेवली.

आणि पोहे. प्रत्येक घरी पोहे. पेण तालुक्यात पोह्यांना तोटा नाही हे खरं, पण भर दुपारी जेवणाच्या वेळेलाही पोहेच. आणि ते आणायची ती घरातली मोठी मुलगी, धुतलेला ड्रेस घालून, ओढणी नीट घेऊन. ताट ठेवायची, पाया पडायची आणि दाराशी उभी राहायची. मला वाटलं, काय ही खारेपाटातली आतिथ्याची रीत, आम्ही शहरात जाऊन विसरलो. भारावून जाऊन मी घरी शेजारच्या कारकुनांना तसं सांगितलंसुद्धा. वहिनी मात्र पोहे खाताना एखाद्या पोरीकडे बघून म्हणायच्या, "उंची बरी हाय." मी त्याकडे लक्ष दिलं नाही. त्यांना सवय आहे, म्हटलं.

उत्तरं मी लिहीत गेले. गाडी आहे का? हाय. पोरगा कायम का? व्हय, परमनंट. मुलगी काय करते? घरीच असते, शिकलेली हाय. एका घरात असं ऐकलं तर काही खटकत नाही. असतील बुवा, असतात. सगळ्याच घरांत तेच, हे बेरीज केल्याशिवाय दिसत नाही. त्यात दोन-चार दिवसांनी माझे गुडघे बोलायला लागले, मग उरलेली गावं वहिनींनी आणि त्यांच्या मैत्रिणींनी केली. बहिणीचं घरही मी मुद्दाम वहिनींना दिलं. आपल्या नात्यातल्या घराची माहिती आपण लिहू नये, असं मीच वर्गात शिकवलेलं.

गठ्ठा घेऊन मी साहेबांकडे गेले तेव्हा ते म्हणाले, बेरीज इथेच करू, आमच्या संगणकावर, म्हणजे उद्या कुणी बोट दाखवायला नको. मला पटलं. ज्याला निर्णय घ्यायचा त्यानंच मोजावं, यासारखी दुसरी चांगली गोष्ट नाही, असं मी म्हणाले. अगदी याच शब्दांत म्हणाले. आता आठवलं की माझंच मला हसू येतं आणि मग राग येतो.

काही दिवसांनी त्यांनी बोलावलं. पडद्यावर रंगीत आलेख तयार होता. साहेबांचा चेहरा जरा अवघडल्यासारखा. त्यांनी एकेक खांब दाखवला. घरोघरी दुचाकी. मुलगे जवळजवळ सगळे कायम नोकरीत, म्हणजे कंपनीची गाडी त्यांना लागू. मुली बहुतेक सगळ्या घरी. संध्याकाळच्या पाळीला मुलगी जाते, असं लिहिणारं घर शोधून सापडत नव्हतं.

"बाई," ते म्हणाले, "आता तुम्हीच सांगा, ही बस सोडायची कुणासाठी?"

मी म्हणाले, चूक आहे, काहीतरी चूक आहे. गठ्ठा मागितला आणि बहिणीच्या घराचा फॉर्म काढला. वाहन: आहे. मुलगी: पदवीधर, घरी असते. ज्या पोरीसाठी मी हा सगळा उपद्व्याप केला, ती माझ्याच पाहणीत घरी बसलेली होती. माझ्या कानशिलात कुणी लगावली असती तरी मला इतकं लागलं नसतं.

मी तिथून निघून मिनिडोर पकडली ती थेट वहिनींच्या अंगणात उतरले. वहिनी पापड वाळत घालत होत्या. मी उभ्या उभ्या सगळं बोलून घेतलं. लोक असे कसे खोटं बोलतात, एसटी त्यांनाच हवी होती ना, वर एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलं होतं ना. वहिनींनी सगळं ऐकलं, पापडांवर फडकं घातलं आणि मला सावलीत बसवलं.

"वन्सं," त्या म्हणाल्या, "तुम्ही वय विचारलंत. शिक्षण विचारलंत. कायम हाय का विचारलंत, घर-जमीन विचारलीत, गाडी हाय का विचारलंत. आणि संगती मी. लोकांनी काय समजायचं?"

एसटीसाठी आहे असं मी सांगत होते ना, असं पुटपुटले. वहिनी म्हणाल्या, हो, ते सगळ्यांना फार आवडलं. उघड विचारून पुढे नाही म्हटलं तर पोरीचं नाव खराब होतं, त्यापेक्षा एसटीचं निमित्त बरं, बाई शिकलेल्या आहेत, अब्रू ठेवून विचारतात, असं बायका आपसांत बोलत होत्या. म्हणजे मी ज्याला पाहणी समजत होते, तो सगळ्या खारेपाटानं स्थळं बघायचा दौरा समजला होता. आणि स्थळ बघायला आलेल्या माणसासमोर कुणी, आमच्याकडे गाडी नाही, पोरगा कंत्राटी आहे, पोरगी अंधार पडल्यावर नाक्यावर उभी असते, असं सांगतं का? कुणीही सांगणार नाही. मीसुद्धा सांगितलं नसतं. एक वाढवून सांगतो, दुसरा कमी करून सांगतो, असं मी शिकवत आले. इथे सगळ्यांनी एकाच दिशेनं वाढवून सांगितलं होतं, मग फिटणार कुठून?

वर वहिनी म्हणाल्या, फुकट काही गेलं नाही, त्या फॉर्मांतून एक लग्न जमतंय. त्यांनी सोयीची वाटली ती घरं लिहून घेतली होती. मी कपाळाला हात लावला. म्हणजे लोकांचा समज चुकीचा होता असंही म्हणायची सोय उरली नाही.

संध्याकाळी बहिणीकडे गेले. बहिणीच्या नवऱ्यावर माझा खरा राग होता. ज्याला रात्रंदिवस पोरीची काळजी, गाडीची सोय हवी असं जो स्वतः मला म्हणाला, त्यानंच असं लिहायला लावावं? तो ओट्यावर बसला होता, कपड्यांना कोळशाची धूळ. मी विचारलं तेव्हा बाह्यांवरची धूळ झटकायला लागला. मग म्हणाला की वहिनी समोर बसल्या होत्या. उद्या पोरीचं बघायचं तर त्यांच्याच तोंडून बघायचं. त्यांना कसं सांगू, ती कुठल्या वेळेला घरी येते ते?

"बस पण हवी ताई," तो म्हणाला, "आणि पोरीचं नाव पण राहायला हवं. दोन्ही कसं सांगायचं, ते मला नाय कललं."

मी त्याच्यावर चिडायला आले होते आणि मला चिडता आलं नाही, याचाही राग आला. राग काढायचा तर कुणावर? पोहे करणाऱ्या बायकांवर? वहिनींवर? साहेबांवर तर मुळीच नाही, ते बिचारे मी शिकवलं तसंच वागत होते.

मी पुन्हा त्यांच्याकडे गेले. सगळी हकिगत सांगितली, पोह्यांसकट. ते हसले, मग गंभीर झाले. आपण पुन्हा माहिती घेऊ, मी म्हणाले, या वेळी वहिनींशिवाय. ते म्हणाले, वेळापत्रक ठरलं, आता पुढल्या खेपेला. आणि मग अगदी नम्रपणे त्यांनी विचारलं की बाई, तुम्ही आज म्हणता हे आकडे खोटे आहेत. उद्या आणाल ते खरे, हे मी कशावरून धरू? वर्गात एखाद्या पोरानं हा प्रश्न विचारला असता तर मी त्याची पाठ थोपटली असती. तिथे मी पिशवी उचलली आणि बाहेर आले.

दिवाळी झाली. भाचीनं नोकरी सोडली. भांडण नाही, रडारड नाही. कोट कंत्राटदाराचा होता, तो धुऊन, इस्त्री करून परत दिला. मी भेटायला गेले तेव्हा ती दारात तांदूळ निवडत होती. काय गो, म्हटलं, कशी आहेस? बरी आहे म्हणाली. तिच्या आईनं मला डोळ्यांनी खुणावलं की विषय काढू नको. मी काढला नाही. येताना रेल्वेच्या फाटकात उभी होते तर डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि थांबेना. बरं झालं, ओळखीचं कुणी नव्हतं.

वहिनींनी जमवलेलं ते लग्नही झालं. मला आग्रहाचं बोलावणं आणि मांडवात मानाची खुर्ची. मुलीच्या बापानं मला श्रीफळ दिलं आणि चारचौघांत सांगितलं, की बाईंच्या फार्मामुळे जमलं. फॉर्मात कायम नोकरी आणि स्वतःची गाडी असलेला नवरदेव मित्राच्या गाडीवर मागे बसून आला. मुलीकडच्यांनी ते पाहिलं आणि कुणाच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मुलीच्या शिक्षणात त्यांनीही एक वर्ष वाढवलेलं असणार. दोन्ही बाजूंना दुसऱ्याच्या उत्तरातून किती वजा करायचं ते ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त मला आणि एसटीला.

एवढ्यावर हे संपलं असतं तरी मी गिळलं असतं. पण थंडीत रोह्याला एक व्याख्यान होतं, आजच्या समाजाचा आर्थिक कल आकडेवारीतून समजावून सांगणारं. मला जुन्या शिक्षिका म्हणून पहिल्या रांगेत बसवलं. बोलणारा तरुण हुशार होता, तयारी चांगली, आवाज स्वच्छ. त्यानं सांगितलं की आपल्या भागातल्या मुली शिकताहेत, पण कामाला जायचं प्रमाण मात्र घसरतंय. का? आणि त्यानं पडद्यावर आलेख टाकला. मी खांबांच्या रंगांवरूनच ओळखला. साहेबांनी चांगल्या मनानं त्याला दिलेला असणार. तो समजावू लागला. घरोघरी दुचाकी आली, मुलगे कायम नोकरीत लागले, घरात सुबत्ता आली, म्हणून मुलींना बाहेर पडायची गरज वाटेनाशी झाली. हे समृद्धीचं लक्षण आहे, असं म्हणाला. लोक लिहून घेत होते.

त्या शेवटच्या खांबात माझी भाची होती. समृद्धीमुळे घरी बसलेली.

मी उठले. बोलायला सांगितलं नव्हतं तरी बोलले. पोहे सांगितले, वहिनी सांगितल्या, सदरा घालून येणारा माणूस सांगितला. सभागृह खो खो हसलं. मला वाटलं लोकांना कळलं. पण ते किश्शाला हसले होते. तो तरुण हसू आवरून फार आदरानं म्हणाला की बाईंचे अनुभव मजेशीर आहेत, पण एखाद-दुसऱ्या घराच्या गोष्टीनं कल बदलत नाही. टाळ्या पडल्या. हेच वाक्य मी वर्गात किती वेळा म्हटलं असेन! मी खाली बसले.

पण त्याच रागानं मी ठरवलं, की पाहणी पुन्हा करायची. साहेब पुढल्या खेपेला म्हणाले होते ना, ती खेप जवळ आली होती. नवा फॉर्म केला. जमीन काढली, घर काढलं, वय काढलं. पाळी, गाडी, काम करता का, आणि करत नसाल तर काम हवंय का, एवढेच प्रश्न. वहिनी नाहीत, कुणी नाही. आणि या वेळी सुरुवात बहिणीच्या घरापासून, नियम गेला खड्ड्यात. एक तरी फॉर्म खरा असणार, या विचारानं मी कासूच्या स्टेशनात उतरले तेव्हा मला बऱ्याच दिवसांनी बरं वाटत होतं.

घर झाडलेलं होतं. दाराला नवा पडदा. बहीण आत होती, तिचा नवरा धरमतरला. भाची समोर येऊन बसली. मी पेन काढलं.

गाडी? मी विचारलं. ती म्हणाली, "हाय असं लिही."

मी मान वर केली. म्हटलं, अगं, मी आहे, तुझी मावशी. वहिनी नाहीयेत बरोबर. मग तिनं सांगितलं, रविवारी माणसं बघायला येणार होती, खाडीपलीकडची. वहिनींनीच आणलेलं स्थळ. मुलगा रोह्यालाच कंपनीत, कायम आहे असं सांगतात. ते माझ्याच फॉर्मांतलं होतं की काय, हे विचारायचा मला धीर झाला नाही. मी म्हणाले, हा कागद कुणी बघत नाही, तो माझ्याकडून साहेबांकडे जाईल. ती हसली. मागच्या वेळचे सगळ्यांनी वाचले, म्हणाली.

"काम करतेस का?"

"नाय. घरी असते."

ते खरंच होतं. मी लिहिलं. शेवटचा प्रश्न उरला. काम हवंय का. मी विचारलं. ती बसल्या बसल्या कुर्त्याची बाही दुमडत राहिली, कोटाची दुमडायची तशी. ती बाही लांब नव्हती.

"हवंय," ती हळू म्हणाली. "पण नको असं लिही."

नाही, मी म्हणाले, हे नाही लिहिणार. तुझ्यासाठी तर हे सगळं चाललंय. तू नको म्हणालीस तर उद्या कुणीतरी पडद्यावर दाखवेल की पोरींना कामच नकोय. ती शांतपणे ऐकत होती, वर्गात ऐकायची तशी. मग म्हणाली, "मावशी, समोरचा सांगेल तेच लिहायचं. तूच शिकवलंयस ना?"

आतून बहिणीनं हाक मारली. भाची उठली, आत गेली आणि ताटली घेऊन आली. रविवारच्यासाठी बेत करून बघत होतो, बहीण दारातून म्हणाली, मीठ बरोबर झालंय का सांग. भाचीनं ताटली माझ्यासमोर ठेवली आणि ओढणी सारखी करून दाराशी उभी राहिली. कागदावरची शेवटची जागा अजून रिकामी होती आणि ती तिकडेच बघत होती. मी लिहिलं: नको. मग पेन बंद केलं आणि पोहे खाल्ले.